छंद, व्यासंग आणि संहिता : महाजालावरील हौशी ज्ञानपृष्ठांचा इतिहास

१

महाजालाच्या पहिल्या दीड-दोन दशकांत जगभर एका विशिष्ट घडणीचे पृष्ठ तयार होत राहिले. पांढरी किंवा करडी पार्श्वभूमी, त्यावर काळा मजकूर, निळ्या रंगात अधोरेखित केलेले दुवे, आरंभी लांबलचक अनुक्रमणी, मध्ये कोष्टके, तळाशी शेवटच्या दुरुस्तीची तारीख आणि पृष्ठ करणाऱ्याचे नाव, असे त्याचे रूप. विषय सायकलच्या सुट्या भागांचा असेल, जुन्या गणनपट्ट्यांचा, आगगाडीच्या इंजिनांचा, टपालतिकिटांचा, रागांचा किंवा गझलेचा. त्या विषयासंबंधी एका माणसाला जे जे ठाऊक आहे ते सगळे एका ठिकाणी उतरवून ठेवणे हा त्या पृष्ठाचा हेतू. दृश्यसंयोजनाच्या रूढ कसोट्या लावल्या तर ही पृष्ठे ओबडधोबड ठरतात. तरीही त्यांचे आकर्षण ओसरलेले नाही, आणि ज्यांनी तो काळ पाहिलेला नाही असे वाचकही त्यांच्याकडे ओढले जातात.

या आकर्षणाची उपपत्ती बहुधा स्मरणरंजनाच्या आधारे लावली जाते. रशियात जन्मलेल्या कलावंत ओलिया लियालिना यांनी २००५ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात आरंभीच्या हौशी महाजालाला 'बोलीतले महाजाल' म्हणता येईल अशी संकल्पना योजली. तारकांची पार्श्वभूमी, 'काम चालू आहे' असे सांगणाऱ्या पाट्या, हलणारी चिन्हे यांना त्यांनी एका लोकव्यवहाराच्या खुणा मानले. प्रमाणभाषेपुढे बोलीला जे स्थान मिळते तेच व्यावसायिक संकेतस्थळांपुढे या पृष्ठांना मिळाले, हे त्यांचे निरीक्षण मार्मिक आहे. मात्र त्यांचा भर सजावटीवर आहे. ज्या पृष्ठांवर सजावट जवळजवळ नाही आणि मजकूर मात्र ओसंडून वाहतो, त्यांचे आकर्षण या उपपत्तीत पुरेसे सामावत नाही.

अशा माहितीघन पृष्ठांकडे एक लेखनप्रकार म्हणून पाहिले, तर त्यांच्या आकर्षणाचे मूळ त्यांच्या संहितेच्या रचनेत सापडते. येथे ज्ञान आणि ते ज्ञान गोळा करणाऱ्याचे अवधान या दोन गोष्टी एकाच पानावर, एकमेकींपासून वेगळ्या न करता येण्याजोग्या अवस्थेत उभ्या असतात. हे पृष्ठ वाचणारा माहिती घेतो आणि त्याच वेळी ती माहिती कोणी, किती सोसून, कोणत्या आवडीनावडींसह जमवली हेही वाचतो. साहित्याच्या इतिहासाने या प्रकाराची दखल घेतलेली नाही. ती न घेतल्याचे परिणाम केवळ वर्गीकरणापुरते नाहीत. ज्याला वाङ्मय मानले जात नाही ते जतनही केले जात नाही.

२

या व्यवहाराचे स्वरूप समजून घ्यायला मराठीतील काही शब्द उपयोगी पडतात. 'छंद' या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक, पद्यरचनेचे नियमन करणारा बंध. दुसरा, मनाला लागलेली ओढ. 'नाद' या शब्दाची स्थितीही अशीच आहे. तो कानाला ऐकू येतो आणि माणसाला लागतोही. 'व्यासंग' हा शब्द तर याहून बोलका आहे. संस्कृतात त्याचा अर्थ अतिरिक्त आसक्ती, एखाद्या गोष्टीला चिकटून राहणे असा आहे. मराठीत तो विद्वत्तेचा गुण झाला. म्हणजे ज्याला आज विद्येचे भूषण मानले जाते त्या शब्दाच्या पोटात मुळात आसक्तीच आहे. छंद आणि व्यासंग यांच्यात जी पायरी मानली जाते ती भाषेने घातलेली नाही, संस्थांनी घातलेली आहे.

जत्रेत येणाऱ्यांचे हौशे, नवशे आणि गवशे असे तीन वर्ग मराठी माणूस करतो. महाजालाच्या जत्रेलाही हे तिन्ही वर्ग आले. गवशांचा इतिहास उद्योगजगताच्या ग्रंथांत भरपूर सापडतो. हौशांचा इतिहास मात्र विखुरलेला आहे, कारण त्यांनी मागे कंपन्या ठेवल्या नाहीत, पृष्ठे ठेवली.

३

१९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत जो प्रस्ताव मांडला, त्याचा हेतू संस्थेतील विखुरलेल्या कागदपत्रांची परस्परांशी सांगड घालणे हा होता. १९९१ मध्ये पहिले संकेतस्थळ सुरू झाले. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही तंत्रविद्या सर्वांसाठी विनामूल्य खुली केली आणि त्याच वर्षी आलेल्या मोझेइक या दर्शकामुळे चित्रे आणि मजकूर एकत्र दिसू लागले. या इतिहासातील एक तपशील वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाचा आहे. पृष्ठे ज्या एचटीएमएल या चिन्हांकनभाषेत लिहिली जात, तिची मूळ घडण संशोधन-अहवालाची होती. शीर्षक, उपशीर्षक, परिच्छेद, क्रमवार यादी, दुवा हे तिचे घटक. संज्ञा आणि तिची व्याख्या एकाखाली एक मांडण्यासाठी तर तिच्यात स्वतंत्र खूण होती. शब्दकोशाचा आकृतिबंध अशा रीतीने त्या भाषेच्या व्याकरणातच अंतर्भूत होता. या भाषेत लिहू लागलेल्या माणसाच्या हातून यादी, सूची आणि कोश घडावेत यात नवल नाही.

दुसरा तपशील प्रसाराचा. कोणत्याही पृष्ठाचा मूळ चिन्हांकित मजकूर वाचकाला उघडून पाहता येत असे. त्यामुळे पृष्ठ करायला शिकणे म्हणजे दुसऱ्याच्या पृष्ठाची नक्कल करून त्यात आपला मजकूर घालणे, अशी रीत पडली. पोथी लिहून घेणारा जसा अक्षराचे वळण आणि समासाची रीत यांसह ती उतरवून घेत असे, तसाच हा प्रकार होता. या पृष्ठांत दिसणारे कुटुंबसाम्य अशा नकलेतून आले. तिसरा तपशील काटकसरीचा. दूरध्वनीच्या तारेवरून चालणारी जोडणी मंद होती आणि चित्र उमटायला वेळ लागे. मजकूर मात्र पटकन येई. शब्दांची दाटी ही त्या काळात सोय होती. भारतात १५ ऑगस्ट १९९५ पासून विदेश संचार निगमने सर्वसामान्यांना जोडणी देण्यास आरंभ केला, तेव्हा वापराच्या तासांचा हिशेब ठेवावा लागे. पृष्ठ एकदा उतरवून घ्यायचे आणि जोडणी तोडून सावकाश वाचायचे, ही सवय अशा परिस्थितीत स्वाभाविक होती. लांब आणि दाट पृष्ठाला तीच सवय मानवणारी होती.

१९९४ हे वर्ष या दृष्टीने निर्णायक म्हणता येईल. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्याला आवडलेल्या संकेतस्थळांची हाताने केलेली वर्गीकृत यादी त्याच वर्षी प्रसिद्ध केली. तिचे पुढे 'याहू' झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेतील इंग्रजीचे प्राध्यापक ॲलन लिऊ यांनी मानव्यविद्यांच्या दुव्यांची 'व्हॉइस ऑफ द शटल' ही सूची त्याच वर्षी सुरू केली. सामान्य माणसाला पृष्ठासाठी फुकट जागा देणारी आणि नंतर 'जिओसिटीज' या नावाने प्रसिद्धी पावलेली योजनाही त्याच वर्षीची. तिच्यात नगराची कल्पना होती. लेखन आणि तत्त्वज्ञान यांत रमणाऱ्यांनी 'अथेन्स' या वस्तीत घर घ्यावे, कलावंतांनी 'सोहो'त, विज्ञानकथेच्या चाहत्यांनी 'एरिया ५१'मध्ये. पत्त्यात वस्तीचे नाव आणि घराचा क्रमांक असे. पृष्ठाला 'घर' मानणारी ही भाषा वरवरची वाटली तरी तिच्यात एक करार दडलेला होता. येथे राहणारा माणूस ओळखीचा आहे आणि त्याचा दरवाजा ठोठावता येतो, हा तो करार.

४

हा आकृतिबंध प्रत्यक्षात कसा वागतो हे पाहण्यासाठी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील शेल्डन ब्राऊन यांच्या संकेतस्थळाचे उदाहरण घेता येते. ब्राऊन हे वेस्ट न्यूटन येथील एका सायकल-दुकानातील कारागीर. सायकलच्या परिभाषेचा वर्णानुक्रमी कोश, निरनिराळ्या देशांतील चाकांच्या व टायरांच्या मापांची कोष्टके, दात्यांची प्रमाणे काढण्याची रीत, जुन्या इंग्रजी व फ्रेंच सायकलींच्या आट्यांचे प्रकार असा प्रचंड मजकूर त्यांनी १९९० च्या दशकापासून लिहून ठेवला. कंपन्यांनी एकाच नावाने वेगवेगळी मापे विकली आणि एकाच मापाला वेगवेगळी नावे दिली, त्यामुळे माजलेला गोंधळ त्यांच्या कोष्टकांनी निस्तरला. या कोशाची भाषा मात्र तटस्थ नाही. नोंदींत विनोद आहे, एखाद्या चुकीच्या समजुतीवर चिडणे आहे, एखाद्या कालबाह्य यंत्ररचनेविषयी उघड जिव्हाळा आहे. फेब्रुवारी २००८ मध्ये ब्राऊन यांचे निधन झाले. त्यानंतरही त्यांच्या सहकाऱ्यांनी ते संकेतस्थळ चालू ठेवले.

कोशाची वस्तुनिष्ठता आणि ललित गद्याचा आत्मनिष्ठ स्वर हे दोन ध्रुव मानण्याची साहित्यविचाराला सवय आहे. येथे ते एकाच नोंदीत नांदतात आणि एकमेकांना बाधा आणत नाहीत. उलट स्वरामुळे माहितीवरचा विश्वास वाढतो. मापे देणारा माणूस स्वतः चाक उघडून पाहणारा आहे, ही खात्री वाचकाला त्या चिडण्यातून आणि त्या जिव्हाळ्यातून पटते.

फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी १९८७ मध्ये ग्रंथाच्या उंबरठ्यावरील मजकुराचा, म्हणजे शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, टिपा यांचा विचार करताना परिसंहितेची संकल्पना मांडली. हौशी ज्ञानपृष्ठांच्या बाबतीत ही संकल्पना विशेष फलदायी ठरते. शेवटच्या दुरुस्तीची तारीख, 'ही चूक अमुक वाचकाने दाखवून दिली' अशी कृतज्ञता, 'हा भाग अपुरा आहे' अशी कबुली, आपल्यासारख्याच दुसऱ्या वेड्याच्या पृष्ठाकडे नेणारे दुवे हा सगळा परिसंहितेचा ऐवज. छापील ग्रंथात तो कडेला असतो. येथे तो मजकुरात मिसळलेला असतो आणि पुराव्याचे काम करतो. विद्यापीठाची मुद्रा नाही, प्रकाशकाचे नाव नाही, परीक्षकाचे शिफारसपत्र नाही. अशा लेखनाला प्रामाण्य मिळवून देतात ते हे दुरुस्त्यांचे वळ.

५

याच काळात साहित्यसिद्धान्ताने संगणकीय संहितेविषयी मोठी भाकिते केली होती, ही गोष्ट येथे लक्षात घ्यावी लागते. रोलाँ बार्त यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली होती आणि मिशेल फुको यांनी १९६९ मध्ये लेखक हे एक कार्य मानून त्याची चिकित्सा केली होती. अमेरिकन समीक्षक जॉर्ज लँडो यांनी १९९२ च्या आपल्या ग्रंथात या विचारांची संगणकावरील दुव्यांच्या संहितेशी सांगड घातली. मध्य आणि परीघ यांचा भेद नाहीसा होईल, वाचक आपली वाट आपणच निवडील आणि लेखकाची सत्ता ओसरेल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. पुराव्यादाखल पुढे येत ती मायकेल जॉइस यांच्या १९८७ मधील 'आफ्टरनून' सारखी प्रयोगशील कथात्म लेखने.

प्रत्यक्षात घडले ते वेगळे. प्रयोगशील कथात्म लेखनाचा वाचक मर्यादितच राहिला. अनेक वाटांनी वाचायची सवय लोकांना लागली ती हौशी ज्ञानपृष्ठांमुळे. सायकलच्या कोशात एका नोंदीवरून दुसरीवर जाणारा वाचक सिद्धान्ताने वर्णिलेले वाचन अक्षरशः करत होता. वाट त्याची, क्रम त्याचा. पण या वाचनात लेखक विरघळला नाही. प्रत्येक वळणावर तोच माणूस भेटत राहिला आणि जितक्या वाटा वाढल्या तितकी त्याची ओळख दाट होत गेली. संहिता बहुमार्गी झाली म्हणून लेखक अदृश्य होतोच असे नाही, हे या लेखनप्रकाराने सिद्ध केले. साहित्यसिद्धान्ताने मात्र आपला पुरावा कादंबरीच्या आसपास शोधल्यामुळे त्याची नजर इकडे वळली नाही.

कोलंबिया विद्यापीठातील फ्रान्सेस प्रिचेट यांचे गालिबविषयक संकेतस्थळ हे याचे अधिक सखोल उदाहरण आहे. १९९९ पासून त्यांनी गालिबच्या उर्दू दिवाणातील २३४ गझलांवर एकेक शेर घेऊन काम केले. प्रत्येक शेराला स्वतंत्र पृष्ठ. त्यावर मूळ पाठ, शब्दशः अनुवाद, मग तबातबाई, बेखुद देहलवी, बेखुद मोहानी आदी भाष्यकारांची मते, आणि शेवटी स्वतःच्या नावाच्या आद्याक्षरांखाली प्रिचेट यांची टिप्पणी. उर्दू आणि देवनागरी या दोन्ही लिप्यांतील पाठांकडे जाण्याची सोयही आहे. शम्सुर्रहमान फारुकी यांच्या सल्ल्याचा निर्देश या कामात वारंवार येतो. प्राध्यापकाने केलेले असल्यामुळे हे काम हौशी म्हणावे काय, असा आक्षेप संभवतो. परंतु त्याचे रूप, त्याची साधी मांडणी, वर्षानुवर्षे एकहाती चाललेली भर आणि विनामूल्य खुलेपणा पाहता ते विद्यापीठीय ग्रंथापेक्षा हौशी ज्ञानपृष्ठालाच जवळचे आहे. छापील ग्रंथाला पृष्ठसंख्येची मर्यादा सांभाळावी लागली असती. येथे परस्परविरोधी भाष्ये शेजारीशेजारी ठेवता आली आणि निर्णय वाचकावर सोपवता आला.

महाराष्ट्राच्या दृष्टीने या उपक्रमाला आणखी एक धागा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात ज्या विद्यापीठात शिकले, त्याच विद्यापीठाच्या महाजालावरील जागेत त्यांच्या १९३६ च्या न झालेल्या भाषणाची, म्हणजे 'अनाइहिलेशन ऑफ कास्ट'ची, सटीप आवृत्ती प्रिचेट यांच्या संपादनाखाली उपलब्ध झाली. गझलेच्या शेराला आणि जातिव्यवस्थेवरील प्रहाराला एकाच संपादकाचे अवधान लाभले.

६

मूळ पाठ, त्याभोवती नामनिर्देशासह भाष्ये आणि शेवटी संपादकाचे मत, ही मांडणी भारतीय वाचकाला अपरिचित नाही. टीकाग्रंथांची परंपरा तशीच आहे. मराठीपुरते बोलायचे तर म्हाइंभटांच्या 'लीळाचरित्रा'चे उदाहरण समर्पक ठरते. चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन त्या मिळवणे हा त्या ग्रंथाचा पाया. पुढे महानुभावांनी या ग्रंथाचे पाठ सांभाळताना भिन्न स्मरणांतून आलेले पाठभेद 'वासना' या नावाने नोंदवले. कोणाच्या आठवणीत काय वेगळे होते हे पुसून न टाकता जपणे, ही दृष्टी 'अमुक वाचकाने कळवले' असे लिहिणाऱ्या पृष्ठाच्या दृष्टीशी नाते सांगते.

अर्वाचीन काळात हीच वृत्ती एकहाती कोशकार्यात उतरली. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. गावोगाव हिंडून मिळवलेली कागदपत्रे आणि त्यांना जोडलेल्या वादळी प्रस्तावना हा त्या खंडांचा घाट आहे. साधनांची कोरडी छपाई आणि संपादकाचा तापट स्वर यांचे हे साहचर्य कोणत्याही तटस्थतेच्या नियमात बसत नाही. तरीही शंभर वर्षांनंतर वाचक त्या खंडांकडे दोन्ही कारणांसाठी जातो. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' हे दुसरे उदाहरण. १८०० ते १९३७ या काळातील मुद्रित मराठी ग्रंथांची नोंद करणारा पहिला खंड १९४३ मध्ये आणि १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा खंड १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. हे काम एखाद्या राष्ट्रीय संस्थेने करावे अशा आवाक्याचे. ते घडले एका माणसाच्या ध्यासामुळे. दाते यांच्या सूचीत राजवाड्यांचा स्वर नाही, पण नोंदीमागून नोंद वाचत गेले की अवधानाची जात तीच असल्याचे जाणवते.

हिंदी चित्रपटगीतांच्या क्षेत्रात कानपूरचे हरमंदिर सिंह 'हमराज़' यांनी असेच काम केले. त्यांच्या 'हिंदी फिल्म गीत कोश'चा १९५१ ते १९६० या दशकाचा खंड १९८० मध्ये आला आणि मागची-पुढची दशके क्रमाने पूर्ण होत गेली. चित्रपट, वर्ष, संगीतकार, गीतकार, गायक, ध्वनिमुद्रिकेचा क्रमांक अशा शुष्क वाटणाऱ्या नोंदींचा हा कोश रेडिओच्या श्रोत्यांच्या हौसेतून उभा राहिला.

महाजालावरील भारतीय हौशी पृष्ठे या परंपरेच्या पुढचे पाऊल ठरतात. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी अविनाश चोपडे यांनी 'आयट्रान्स' ही लिप्यंतराची पद्धती व आज्ञावली तयार केली. साध्या रोमन कळफलकावर विशिष्ट नियमांनी लिहिलेला मजकूर तिच्यामुळे देवनागरीत छापता येऊ लागला. परदेशी विद्यापीठांत आणि उद्योगांत असलेल्या भारतीयांनी या पद्धतीत हजारो गीते टंकित केली. स्तोत्रे, उपनिषदे आणि काव्ये यांचा संस्कृत संग्रहही तीच पद्धती वापरून वाढत गेला. कोणी वेतन घेतले नाही. पाठ तपासणाऱ्यांची नावे मात्र मजकुरासोबत राहिली. पुढच्या टप्प्यावर मूळचे गोव्याचे राजन पर्रीकर यांनी रागसंगीतावरील लेखांची मालिका सिद्ध केली. रागाचे चलन, त्याची शेजारच्या रागांशी तुलना आणि प्रत्येक विधानापाठोपाठ थोर गायकवादकांच्या ध्वनिमुद्रणांचे तुकडे, अशी तिची रचना. रागचर्चेच्या छापील ग्रंथांना जे शक्य नव्हते ते, म्हणजे विधान आणि त्याचा श्राव्य पुरावा एकाच ओळीत ठेवणे, येथे साध्य झाले. लेखनाचा स्वर परखड आहे, मतभेदांना वाव देणारा आहे, आणि म्हणूनच तो विवेच्य रागाइतकाच लक्षात राहतो.

७

या लेखनप्रकाराला ओहोटी लागली तिची कारणे तीन. पहिले कारण जमिनीच्या मालकीचे. १९९९ मध्ये याहूने 'जिओसिटीज' सुमारे साडेतीन अब्ज डॉलर किमतीला विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी तिची अमेरिकेतील सेवा बंद केली. दोन विद्यार्थ्यांच्या हौशी यादीतून जन्मलेल्या कंपनीने लाखो हौशी पृष्ठांची वस्ती मोडावी, हा इतिहासातील मोठाच विपर्यास. 'आर्काइव्ह टीम' या स्वयंसेवकांच्या गटाने जमेल तेवढी पृष्ठे उतरवून घेतली. तेही काम पुन्हा हौशांनीच केले, हे विसरून चालणार नाही.

दुसरे कारण सामूहिक ज्ञानकोशाचा उदय. १५ जानेवारी २००१ रोजी विकिपीडिया सुरू झाला आणि १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा प्रारंभ झाला. त्याचे मोल निर्विवाद आहे. मराठीत तर अनेक विषयांवर तोच एकमेव सहज हाती येणारा आधार ठरला. परंतु स्वतःचे संशोधन वर्ज्य आणि दृष्टिकोन तटस्थ, या त्याच्या नियमांनी हौशी पृष्ठातील माहिती घेतली आणि स्वर बाहेर ठेवला. सिद्धान्ताने भाकीत केलेला लेखकाचा लोप खऱ्या अर्थाने येथे घडला.

तिसरे कारण शोधयंत्रांचे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या गूगलने पृष्ठांची प्रतवारी करण्यासाठी दुव्यांचा आधार घेतला. कोणत्या पृष्ठाकडे किती आणि कोणी बोट दाखवले, यावर त्याचे स्थान ठरू लागले. त्या बोट दाखवण्यात हौशी सूचींचा वाटा मोठा होता. म्हणजे हौशांच्या पसंतीवर ज्या यंत्राने आपली गुणग्राहकता उभी केली, त्याच यंत्रामुळे सूची पाळण्याची गरज संपली. अलीकडच्या काळात तर शोधयंत्रे दुव्याऐवजी यंत्ररचित उत्तरच पुढे ठेवू लागली आहेत. त्या उत्तरात सायकलच्या चाकाचे माप बरोबर येईल. पण ते माप कोणी निस्तरले आणि त्यावर कोण चिडले होते, याचा मागमूस वाचकाला लागेलच असे नाही.

मराठीपुरती या हानीला आणखी एक बाजू आहे. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून स्थान असले तरी सर्वसामान्य संगणकावर ती रुळायला बरीच वर्षे गेली. त्या मधल्या काळातील मराठी पृष्ठे निरनिराळ्या खाजगी टंकांत लिहिली गेली. या टंकांत अक्षर देवनागरीचे दिसे, पण संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हेच असत. टंक नाहीसा झाला की पृष्ठावर उरतो तो निरर्थक चिन्हांचा ढीग. शोधयंत्राला तो सापडत नाही आणि संग्रहात प्रत असली तरी वाचकाला ती वाचता येत नाही. दप्तरात रुमाल शिल्लक आहेत आणि मोडी वाचणारे विरळ आहेत, ही स्थिती मराठी इतिहासाभ्यासाला परिचित आहे; तिची पुनरावृत्ती येथे अवघ्या वीस-पंचवीस वर्षांत घडली. याउलट आयट्रान्सच्या ओबडधोबड रोमन नियमांत लिहिलेला मजकूर यंत्राच्या साह्याने देवनागरीत आणता आला. दिसायला सुबक असलेले नष्ट झाले आणि दिसायला रुक्ष असलेले टिकले.

ग्रंथालये, विद्यापीठांचे मराठी विभाग आणि वाङ्मयेतिहासकार यांच्यासमोर यातून काही ठोस कामे उभी राहतात. १९९५ ते २००५ या काळातील मराठी हौशी पृष्ठांची, दाते यांच्या सूचीच्या धर्तीवर, नोंद होणे. त्यांचे टंक मिळवून मजकूर युनिकोडमध्ये उतरवणे. आणि हे करताना दुरुस्तीच्या तारखा, आभाराच्या ओळी, कर्त्याच्या टिपा यांना कचरा न मानता संहितेचा भाग मानणे. नुसती माहिती वाचवली तर ती दुसऱ्या कोणत्याही कोशातील माहितीसारखी होईल. या प्रकाराचे वाङ्मयीन मूल्य ज्या अवधानात आहे ते त्या कडेच्या ओळींतच साठलेले आहे.

राजवाड्यांच्या खंडांतून प्रस्तावना काढून टाकली तर साधने शिल्लक राहतील. राजवाडे राहणार नाहीत. हौशी ज्ञानपृष्ठांच्या बाबतीत ही निवड आज करायची आहे, आणि ती ज्यांनी पृष्ठे लिहिली त्यांच्या हयातीतच करता येण्याजोगी आहे.